प्रभूसाठी केलंस ना, मग आभार कशाला?

प्रिय ताई,

मी कल्याणहून लिहितेय. दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात टी.वाय.ला आहे. एफ.वाय.पासून आमच्या ख्रिस्ती विद्यार्थी गटात जाते. दर शनिवारी चार वाजता आम्ही भायखळ्याला एका आंटींच्या घरी जमतो. गाणी, बायबल स्टडी, प्रार्थना, मग चहा. पंचवीस-तीस जण असतो. हिशोबाची वही तीन वर्षं माझ्याकडे आहे. चटया घालणं, समोसे आणणं, नव्या मुलांना स्टेशनवरून घेऊन येणं, शिबिराचे पैसे गोळा करणं, आजारी असेल त्याला फोन करणं हे मी आणि आणखी दोघी करतो. गटाची गिटार माझ्या घरी असते. ती लेडीज डब्याच्या गर्दीतून मीच आणते.

गेल्या महिन्यात उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आणि माणसांचे आभार मानायची, सभा झाली. वक्त्यांचे, देणगी देणाऱ्यांचे, स्टाफ वर्करचे, गाणाऱ्या टीमचे आणि प्रेसिडेंट दादाचे आभार मानले. आम्हा तिघींचं नाव कोणी घेतलं नाही. तेव्हा आम्ही मागे प्लेटा भरत होतो. परतताना गाडीत मला रडू आलं. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "प्रभूसाठी केलंस ना? मग माणसांचे आभार कशाला? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं लिहिलंय." तेव्हापासून दुप्पट वाईट वाटतंय. एकदा ते विसरले म्हणून, आणि एकदा मला वाईट वाटलं म्हणून. आई म्हणते, "ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला. सोडून दे." आमचा गट इंग्रजीत चालतो. मी मराठी माध्यमातली, मला पुढे उभं राहून बोलता येत नाही. पुढच्या महिन्यात आमचा निरोप समारंभ आहे. जाऊ, की गटच सोडू?

– एक वाचक, कल्याण

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'मागे प्लेटा भरत होतो' या शब्दांपाशी थांबले. पुढे आभार चालले होते आणि त्याच आभारांनंतरचं खाणं तुम्ही तिघी वाढून ठेवत होता. तुमच्या पाठी सभेकडे होत्या. पुढे बसलेल्यांपैकी एकानेही मान वळवून पाहिलं असतं तर तुम्ही दिसला असता.

आधी त्या दुसऱ्या दुःखाचं बोलू, म्हणजे वाईट वाटलं याचं जे वाईट वाटतंय त्याचं. पहिल्या दुःखापेक्षा ते तुला जास्त पोखरेल अशी मला भीती वाटते.

तुझ्या मैत्रिणीने सांगितलेलं वचन बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं आहे. प्रभूचेच शब्द आहेत ते, आणि खरे आहेत. पण ते कोणाला सांगितलेत ते बघ. दान करणाऱ्याला सांगितलेत: तू देतोस तेव्हा दवंडी पिटू नकोस. ज्याला मिळालं त्याने डोळे मिटून बसावं, असं त्या अध्यायात कुठेही नाही. देणाऱ्यासाठीचं वचन उचलून घेणाऱ्याच्या विसराळूपणावर पांघरूण घालायचं, ही खोड आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, फार जुनी आहे. मी ती लहानपणापासून पाहत आलेय. दर वेळी ते पांघरूण ज्याच्या अंगावर पडतं, तो माणूस गुदमरतो.

घेणाऱ्यासाठीची गोष्ट लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले. एक शोमरोनी तेवढा परत आला, येशूच्या पायाशी पडला, त्याने उपकार मानले. येशू काय म्हणाला? दहा जण शुद्ध झाले ना, मग ते नऊ कुठे आहेत? देवाचं गौरव करायला कोणी परत आलं नाही, असा त्या प्रश्नाचा रोख आहे हे मला माहीत आहे. स्वतःच्या मानासाठी त्याने विचारलं नाही. तरी त्याने मोजलं. परत न आलेल्या नऊ जणांची जागा त्याला रिकामी दिसली आणि तो ते मोठ्याने बोलला. तेव्हा जे प्रभूच्या लक्षात आलं ते तुझ्या लक्षात आलं, तर ते पाप कसं होईल?

आता मला तुझ्यासोबत रोमकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, शेवटचा अध्याय उघडायचा आहे. बायबल स्टडीत तो बहुधा उरकला जातो, कारण त्यात नुसती नावं आहेत. पौलाने तोवर रोम पाहिलंही नव्हतं. तरी तो त्या शहरातल्या चोवीस जणांना एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगतो. आणि नुसता सलाम नाही, कोणी काय केलं तेही सांगतो. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला. मरियेने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले. त्रुफैना आणि त्रुफोसा प्रभूमध्ये श्रम करतात. पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले.

'प्रभूमध्ये श्रम केले' आणि त्या बाईचं नाव, दोन्ही एकाच ओळीत आहेत. प्रभूसाठी केलं आहे, म्हणून नाव घ्यायची गरज नाही, असं पौलाला वाटलं नाही. प्रभूसाठी केलं आहे, म्हणूनच त्याने ते कागदावर लिहिलं, रोमला पाठवलं, आणि जवळजवळ दोन हजार वर्षांनी तू आणि मी पर्सिस हे नाव वाचतोय. तिने नेमकं काय केलं ते कोणालाच ठाऊक नाही. मला आपलं वाटतं, तिने चटया घातल्या असतील.

फिलिप्पैकरांस पत्रात तर तुझ्यासारखाच एक जण आहे. एपफ्रदीत. फिलिप्पैच्या मंडळीने कैदेतल्या पौलासाठी मदत जमवली. ती एवढ्या लांब घेऊन कोण गेला? हा. वाटेत म्हणा किंवा तिथे पोचल्यावर म्हणा, तो इतका आजारी पडला की मरणाच्या दारात गेला. पौल त्याला परत पाठवताना मंडळीला बजावतो की याचा आनंदाने स्वीकार करा आणि अशा माणसांना मान द्या. याने मोठा उपदेश केला होता असं तिथे लिहिलेलं नाही. याने सामान पोचवलं. गर्दीच्या डब्यातून गिटार आणणाऱ्या मुलीने हा दुसरा अध्याय एकदा शांतपणे वाचावा.

तेव्हा मैत्रिणीशी वाद घालू नकोस. तिने प्रेमानेच सांगितलं असणार. पण आपल्याला वाईट वाटलं म्हणजे आपण अध्यात्मात कमी पडलो, हा विचार मात्र आजच मनातून काढून टाक.

आईचं म्हणणं वेगळं आहे. तिची म्हण कडू आहे आणि त्या कडवटपणामागे तुझी काळजी आहे. पण तुझी गोष्ट त्या म्हणीत बसते का, याची मला शंका आहे. गाढवाला ओझ्याखाली आनंद होत नाही. तुला झालाय. नव्या मुलांना स्टेशनवर घ्यायला जाते हे तू ज्या सुरात लिहिलंस, त्यातून तो मला ऐकू आला. तो आनंद खोटा ठरवू नकोस. राग आला की आपण मागचं सगळंच पुसायला निघतो.

मग तुमच्या गटातली मुलं वाईट आहेत का? मला तसं वाटत नाही. आपण मराठी माणसं घरात आभार मानत नाही. आई ताट वाढते तेव्हा 'आभारी आहे' म्हटलं तर ती चमकून बघेल, बरं नाही का विचारेल. आपल्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला परकं करणं, असं आपल्याकडे समजतात. त्यातून 'उपकार' हा शब्दच आपल्याकडे जड. उपकार फेडायचे असतात, उपकारांचं ओझं होतं, उपकाराखाली माणूस दबतो. म्हणून मग सभेत आभार पाहुण्यांचे मानायचे, घरच्यांचे नाही. तुमच्या सभेत तेच झालं. तुम्हा तिघींना त्यांनी घरचं धरलं.

पण घरात शब्दांवाचून दुसरं काहीतरी चालू असतं. बाबा कामावरून दमून आले की पंखा त्यांच्याकडे वळवला जातो. आई जेवायची राहिलीय हे कोणाच्या तरी लक्षात असतं, तिच्यासाठी भाजी काढून ठेवलेली असते. मुलगी थंडीतापाने फणफणली की आजी रात्रभर उशाशी बसते. तिथे शब्द लागत नाहीत, कारण डोळे आणि हात बोलत असतात. शनिवारच्या सभेत घरातला शब्दांचा संकोच तेवढा आला आणि पंखा वळवायची सवय घरीच राहिली. तिथे आभाराचा शब्दही नाही आणि चटई उचलायला पुढे आलेला हातही नाही. मग घर घर राहत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. १९८०च्या दशकात मीही मुंबईत अशाच एका विद्यार्थी गटाची सेक्रेटरी होते. शुक्रवारी संध्याकाळी माटुंग्याच्या एका हॉलमध्ये आम्ही जमायचो. नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारा एक मुलगा होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो दर शुक्रवारी बेस्टच्या बसमधून, मांडीवर घेऊन, पेटी आणायचा. वाजवणारा दुसरा. सभा संपली की हा पेटी कापडात गुंडाळून परत न्यायचा. वर्षाच्या शेवटी आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी यादी केली होती, कागदावर, नीट अक्षरात. वाजवणाऱ्याचं नाव त्यात होतं. याचं नव्हतं.

तो काही बोलला नाही. पुढच्या जूनमध्ये गट पुन्हा सुरू झाला आणि पहिल्या शुक्रवारी पेटी आली नाही. तेव्हा कळलं की तो आला नाही. हा क्रम मला आजही टोचतो: आधी पेटी आठवली, मग माणूस. मी त्याच्या घरी गेले. त्याची आई म्हणाली, बस, चहा घे. तो जिन्यात उभा राहून माझ्याशी बोलला. रागावलेला नव्हता. म्हणाला, "मला वाटलं, पेटी काय, कोणीही आणेल."

मुली, नाव न घेतल्याने नेमकं हे होतं. माणसाला राग येतो तो ओसरतो. पण आपल्या जागी कोणीही चाललं असतं, हे एकदा मनात बसलं की निघत नाही. मी त्याची माफी मागितली. तो त्यानंतर दोनदा आला. मग त्याला सेकंड शिफ्टची नोकरी लागली आणि शुक्रवार सुटला. मी वेळेवर नाव घेतलं असतं तर तो राहिला असता की नाही, मला सांगता येणार नाही. पण आभाराची यादी करताना मी तेव्हापासून आधी हॉलच्या मागच्या भिंतीकडे बघते. कोण उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे.

आता तुझ्या पत्रातली एक गाठ सोडवू. त्यात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि तुला एकच दिसतेय. समज, त्या दिवशी तुम्हा तिघींची नावं घेतली असती, टाळ्या वाजल्या असत्या, शालसुद्धा दिली असती. पुढच्या शनिवारी चटया कोणी घातल्या असत्या? तुम्हीच. तीस जणांच्या गटात तीन वर्षं तीनच मुली राबत असतील, तर ही गोष्ट नुसत्या आभाराने सुटणारी नाही. तिथे कामाचीच वाटणी चुकली आहे. आणि त्या तीनही मुलीच आहेत, हे मी वाचलं तसं तुझ्या प्रेसिडेंट दादानेही वाचायला हवं. प्लेट भरायला मुलाचा हात चालतो.

आपण 'फेलोशिप' म्हणतो, 'सहभागिता' म्हणतो. मूळ ग्रीक शब्द कॉइनोनिया. एकत्र बसून गाणी म्हणणं एवढाच त्याचा अर्थ असता तर सोपं होतं. त्यात वाटा आहे, भागीदारी आहे. जेरुसलेममधल्या गरिबांसाठी मंडळ्यांनी जमवलेल्या वर्गणीलाही पौल हाच शब्द वापरतो. म्हणजे तुझी हिशोबाची वहीसुद्धा सहभागिताच आहे, गिटारवरच्या गाण्याइतकीच. ते मागचं काम आणि हे पुढचं काम, असं तिथे नाही. तीस जण गाण्यात सहभागी आणि तीन जणी चटयांत, तर तुमची सहभागिता अर्धीच झाली.

भाषेचं तू एका ओळीत उरकलंस. मला वाटतं, खरी मेख तिथे आहे. मुंबईतल्या अशा गटांत मल्याळी, तमिळ, गोव्याची, ईशान्येकडची अशी सगळीकडची मुलं येतात, म्हणून इंग्रजी. ते मला समजतं. पण मग ज्याला इंग्रजी सफाईने येतं तो पुढे बोलतो, जो पुढे बोलतो तो दिसतो, आणि जो दिसतो त्याचे आभार मानले जातात. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), जालना, कल्याण, उल्हासनगरहून आलेली, मराठी शाळेत शिकलेली मुलं मागे राहून काम करतात, कारण काम करायला इंग्रजी लागत नाही. कोणी हे ठरवून करत नाही. तरी ते होतं. आणि हे मुंबईत व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. याच शहरात १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांची मराठी पदं आज गावोगावच्या मंडळ्या गातात. तुमच्या गटात टिळकांचं एखादं पद शेवटचं कधी गायलं गेलं? तुला 'उपासना संगीत' या आपल्या मराठी गीतांच्या पुस्तकातली पाठ असतील. एखाद्या शनिवारी म्हणून दाखव. ज्यांना मराठी येत नाही ती मुलं शिकतील. तू त्यांची इंग्रजी गाणी शिकलीसच ना?

दादाशी बोल. व्हॉट्सॲपवर नको. आणि सभा संपल्यावर सगळे चपला शोधत असतात तेव्हाही नको. मधल्या वारी, कॉलेजजवळ चहाच्या टपरीवर, पंधरा मिनिटं. त्या दोघींना विचारून जा, हवं तर सोबत घेऊन जा. आधी झालं ते सांग: त्या दिवशी अमुक जणांचे आभार मानले, आमची नावं नव्हती, आम्ही तेव्हा प्लेटा भरत होतो. मग मनातलं सांग: मला वाईट वाटलं. 'तुम्हाला आमची किंमतच नाही' असं म्हणू नकोस, तिथून भांडणच सुरू होईल. मग कामाचं सांग: आम्ही तिघी आता टी.वाय.ला आहोत, परीक्षा आलीय, जूनमध्ये आम्ही नसू, एस.वाय.मधली चार मुलं आत्ताच आमच्याबरोबर द्या, त्यात दोन मुलगे असू देत. एवढंच. तो बहुधा ओशाळेल. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा असेल, त्यालाही कोणी शिकवलेलं नसेल. मलाही नव्हतं.

त्याने 'प्रभूसाठी करायचं असतं' हेच पुन्हा ऐकवलं तर शांतपणे रोमकरांस सोळावा अध्याय वाचायला सांग. एवढं करूनही त्याला ते दिसलं नाही, तर वही दुसऱ्याच्या हाती देऊन परीक्षेपर्यंत शनिवारी घरी बसलीस तरी देव तुझ्यावर रुसणार नाही. गटातली जबाबदारी सोडणं वेगळं आणि विश्वास सोडणं वेगळं. कल्याणच्या तुझ्या मंडळीत रविवार आहेच. पण न बोलता निघून जाऊ नकोस. नायगावचा तो मुलगा न बोलता गेला, आणि माझी चूक मला पेटीने सांगितली.

आणखी एक. कॉलेजातल्या गटाला स्मरणशक्ती नसते. दर तीन वर्षांनी सगळी माणसं बदलतात. भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ही ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना १९१२ पासून आहे, तशीच दुसरी, यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया), १९५४ पासून. इतकी वर्षं हे काम टिकलं ते दरसाल कोणीतरी अनोळखी मुलामुलींना जिन्यापर्यंत घ्यायला गेलं म्हणून, आणि शिकून नोकरीला लागलेल्यांनी पगारातून मागे हात दिला म्हणून. त्यांतल्या बहुतेकांची नावं कोणाकडे नाहीत. तुमचा गट कोणाशी जोडलेला आहे ते तू लिहिलं नाहीस, ते महत्त्वाचंही नाही. पण तुझ्या हिशोबाच्या वहीची शेवटची दहा पानं कोरी असतील तर त्यांवर लिही: या तीन वर्षांत कोणी काय केलं. कोणाच्या बाबांनी शिबिरासाठी टेम्पो दिला, कोणी फी भरायला पैसे नसलेल्याला गुपचूप दिले (इथे नाव नको, नुसतं 'एकाने' लिही, मत्तय सहा इथे लागू पडतं), कोण दर शनिवारी बिस्किटं आणायचं. जूनमध्ये येणाऱ्या मुलांना ती वही मिळू दे.

आणि आता आंटी.

तुझ्या पत्रात त्या एकदाच आल्यात, 'एका आंटींच्या घरी' एवढ्याच. आभाराच्या यादीत त्यांचं नाव होतं का, ते तू लिहिलं नाहीस. तू लिहिलेल्या यादीत तरी मला त्या सापडल्या नाहीत. मी तुला दोष देत नाही, तू आधीच दुखावलेली आहेस. पण जिला मागची माणसं दिसतात अशी त्या गटात सध्या तूच आहेस, म्हणून तुला सांगतेय.

भायखळ्याच्या जुन्या इमारतींत पाणी ठरावीक वेळी येतं. शनिवारी दुपारी चारला तीस मुलं येतात, पाणी पितात, हातपाय धुतात, बाथरूम वापरतात, चहाचे कप विसळतात. ते पाणी त्यांनी सकाळी उठून भरलेलं असतं. तीस चपलांचे जोड दाराबाहेर पडतात, शेजारी काहीतरी म्हणत असतील, ते त्या ऐकून घेतात. पंखे, दिवे, गॅस. घरात आजारी माणूस असेल तर तो दोन तास आतल्या खोलीत पडून राहतो. हे मी अंदाजाने लिहितेय, पण मी अशा घरांत वाढलेय.

त्याच रोमच्या पत्रात पौल रूफसला सलाम सांगतो आणि पुढे म्हणतो, त्याच्या आईलाही, जी माझीही आई आहे. तिचं नाव मात्र दिलेलं नाही. तो अध्याय वाचताना मला दर वेळी तिथे चुटपुट लागते. एवढी नावं लिहिली, हिचं राहिलं. 'रूफसची आई', जशा तुमच्या 'भायखळ्याच्या आंटी'.

निरोप समारंभाच्या आधी एका साध्या दिवशी, सभा नसताना, तुम्ही तिघी त्यांच्याकडे जा. जाताना फार काही नेऊ नका, फळं किंवा मोगऱ्याचा गजरा पुरे. बसा. चहा त्यांना करू देऊ नका, तुम्ही करा. तीन वर्षांत त्या घरातली चहासाखर कुठे आहे ते तुम्हाला माहीत झालं असेलच. घर मुलांसाठी उघडायला त्यांनी कधी सुरुवात केली, का केली, तुमच्या आधी कोण मुलं यायची, हे विचारा. कदाचित तुमच्या गटाची सगळी आठवण त्या एकट्या बाईकडे असेल. आणि त्यांचं पूर्ण नाव विचारा.

मग निरोपाला जा. नक्की जा. त्या दिवशी प्लेटा एस.वाय.ची मुलं भरतील, हे आधीच ठरवून ठेव. खजिनदार म्हणून तुझ्याकडे एक हक्काचं काम आहे: तीन वर्षांचा हिशोब वाचून दाखवणं. ते तुला कोणी नाकारू शकणार नाही. रोमकरांस पत्राच्या शेवटी एक गंमतीची गोष्ट आहे. पौल सांगत होता आणि तर्तिय नावाचा माणूस लिहून घेत होता. सलाम लिहिता लिहिता तो मध्येच स्वतःचा एक सलाम घालतो: हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय, मीही तुम्हाला सलाम करतो. पौलाने ती ओळ खोडली नाही. तेव्हा उभी राहा आणि मराठीत वाच. भाषांतर कोणीतरी करेल, आकडे तर सगळ्यांनाच कळतात. पैशांचा जमाखर्च झाला की वहीची ती शेवटची पानं वाच. त्या दोघी मैत्रिणींची नावं घे. गिटार कल्याणहून यायची आणि ती मी आणायचे, हेही वाच. लाजू नकोस, ते खरं आहे. आणि सगळ्यात आधी आंटींचं नाव घे, पूर्ण, आडनावासकट, त्या समोर बसलेल्या असताना.

नाव कळलं की मलाही कळव. माझ्या सकाळच्या प्रार्थनेत तुझ्या शेजारी त्यांचं नाव घ्यायचं आहे.

प्रभूमध्ये सलाम,
तुझी ताई